शेऱ्याचा रकाना

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दहा ओळींत 'पाचशे' हा शब्द चारदा आलाय, त्यावरून पाहिलेल्या पक्ष्यांची यादी पाचशे जातींवर न्यायची घाई चाललीय ते कळलंच. अँडीजच्या ओल्या जंगलात पहाटेपासून पाय आखडून उभं राहायचं, वाटाड्या दबक्या आवाजात "तिकडे, तिकडे" म्हणणार, पाचही जण दुर्बिणी रोखणार, आणि तुला दिसलं काय, तर एक हललेलं पान आणि करड्या काडीसारखा एक पाय. बाकी चौघांनी तिथल्या तिथे टिक करून टाकलं. तू विचारतेस, बाबा, रूफस अँटपिट्टा माझा झाला की नाही?

आधी नियमाचं सांगतो. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांप्रमाणे पक्षी जिवंत, रानातला आणि मोकळा हवा. नुसता ऐकलेलाही चालतो. अँटपिट्टा तर दिसण्यापेक्षा ऐकू येण्यासाठीच जन्माला आलेला पक्षी. पाचोळ्यात उड्या मारत फिरणार, नावाला शेपटी, आणि सगळी कसर भरून काढायला लांबच लांब पाय. शीळ तू ऐकलीस म्हणतेस. मग झाला की! पण त्याच नियमांत एक मेख आहे: ओळख पटवणारी खूण नोंद करणाऱ्यानं स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली हवी. शीळ ऐकलीस तू, ओळखली वाटाड्यानं. आता काय ते तूच ठरव. मी निवाडा देणार नाही, कारण माझीही वही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

रानपिंगळ्याची, त्या दुर्मिळ छोट्या घुबडाची, गोष्ट तुला लहानपणी अर्धीच सांगितली होती. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीनं कुणाला सापडलाच नव्हता. मधला पुरावा काय तो एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा नमुना. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला, असं त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती. लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधत राहिले. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा उघड झालं की साहेबांनी दुसऱ्यांनी जमवलेले पक्षी लांबवून त्यांना स्वतःच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. हा रानपिंगळाही त्यातलाच. मग ती चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, भरदिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी!

इथवर तुला माहीत आहे. उरलेली अर्धी माझी आहे. त्यानंतर दोनेक वर्षांनी मीही तिकडे गेलो. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळून गेल्यावर, सागाच्या फांदीवर एक पिंगळा, पाठमोरा. माथ्यावर ठिपकेच ठिपके असतील तर तो नेहमीचा पिंगळा, माथा जवळजवळ कोरा असेल तर रानपिंगळा. शेपटीचे पट्टे, पायांवरची दाट पिसं वगैरे त्यानंतर. माथा माझ्यासमोर होता गं, पण उजेड नव्हता. पक्षी उडाला. माझी परतीची गाडी रात्रीचीच होती. वहीत लिहिलं, 'रानपिंगळा, १', आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. त्या वहीत साध्या साळुंकीपुढेही मी काहीतरी खरडलेलं आहे, अगदी 'पायाला दोरा अडकलेला' असंसुद्धा. त्या एका ओळीपुढे मात्र काही नाही. हाताला ठाऊक होतं.

पाच-सहा वर्षांनी तिथे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह घातलं. मग एका पावसाळ्यात बसून एकूण आकड्यातून एक वजा केला. रानपिंगळा मला अजून पाहायचाच आहे.

आता आकड्यांचं. २०१५ साली नोआ स्ट्रायकरनं एका वर्षात जग फिरून ६,०४२ जाती पाहिल्या. विक्रम म्हणून गाजलं. पुढच्याच वर्षी आर्यान ड्वार्सहाउस ६,८०० च्या वर गेला. विक्रमाचं आयुष्य एवढंच. त्यांच्या पायपिटीला नाव ठेवत नाही, आपल्याच्यानं ते व्हायचं नाही. पण मला जास्त ओढ फीबी स्नेटसिंगर यांची. १९८१ मध्ये कर्करोग निघाला, डॉक्टरांनी जेमतेम वर्षाची मुदत दिली, आणि बाई अठरा वर्षं पक्षी पाहत फिरल्या. आठ हजारांवर जाती पाहणाऱ्या त्या पहिल्या. १९९९ मध्ये मादागास्करला रस्त्यावरच्या अपघातात गेल्या, तेही पक्षी पाहण्याच्याच दौऱ्यात. त्या नुसती जात लिहून थांबत नसत, उपजात कुठली तेही टिपून ठेवत. त्यामुळे शास्त्रज्ञांनी एका जातीच्या दोन केल्या की त्यांची यादी जुन्या नोंदींच्या जोरावर घरबसल्या वाढायची. उलटही होतं म्हणा. २०२४ मध्ये रेडपोल या थंड प्रदेशातल्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या तीन जातींची मिळून एकच जात झाली आणि कित्येकांचे दोन-दोन पक्षी रातोरात गेले. त्याच साली गव्हाणी घुबडाच्या तीन जाती झाल्या. कुठे पाहिलं ते लिहिलेलं असेल त्याला काही चिंता नाही.

आणि हे तुझ्या अँटपिट्टाशी थेट जुळतं. तुझ्या हातातलं मार्गदर्शक पुस्तक जुनं आहे हे त्या 'रूफस' नावावरूनच कळलं. या पक्ष्यांच्या आवाजांचा आणि जनुकांचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि ज्याला सगळे एकच रूफस अँटपिट्टा समजत होते त्याच्या डझनभर जाती निघाल्या. दिसायला सारखे तांबूस गोळे, फरक शिळेत आणि डोंगराच्या कुशीत. म्हणजे तुझ्या चार सोबत्यांनी ज्या नावापुढे टिक केलं, ते नावच बहुधा चुकीचं आहे. (हे त्यांना जेवायच्या वेळी सांगू नकोस.)

तेव्हा ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या त्या संकेतस्थळावर, सध्या 'अँटपिट्टा, जात अनिश्चित' एवढंच टाक. तशी सोय त्यांनी ठेवलेलीच आहे. एकूण आकड्यात ती नोंद धरली जात नाही, ४९९ चे ४९९ च राहतील. पण त्या पहाटेची यादी खरी राहील: किती वाजता, किती वेळ, किती चाललीस, आणि दिसलं-ऐकलं ते सगळं नोंदवलं का, या प्रश्नाला प्रामाणिक 'हो'. अभ्यासकांना तुझ्या पाचशेचं काडीचं सोयरसुतक नाही. त्यांना त्या 'हो' मुळे तिथे काय नव्हतं तेही कळतं.

एक काम मात्र आजच कर, झोपायच्या आधी. ती शीळ आठवते तशी लिहून काढ. एकच लांब सूर होता की तुटक तुटक? चढत गेला की उतरत? पान हललं ते जमिनीपासून किती वर? समुद्रसपाटीपासून उंची किती, डोंगराची कुठली बाजू? उद्या आठवेल म्हणशील, पण उद्या वाटाड्याचीच शीळ आठवेल. शब्द सुचत नसतील तर फोनवर स्वतः शीळ घालून ठेव. घरात तुझी शीळ ऐकून दारं लावून घ्यायचो आम्ही, तिथे ऐकायला कोण आहे?

मला ते सगळं पाठव. पायाचा रंग नीट लिही. 'करडा' म्हणजे राखेसारखा की ओल्या पाटीसारखा? आणि दुर्बिणीच्या काचा शर्टाच्या टोकाने पुसू नकोस, पिशवीच्या आतल्या कप्प्यात मऊ फडकं ठेवलंय.

तुझा,
बाबा