मोठे मूल घरी येताना

मा. संपादक,
स. न.

दत्तक म्हटले की कोकणात अजूनही पाळण्यातले बाळच डोळ्यांपुढे येते. अशा बाळासाठी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर जोडपी वर्षानुवर्षे थांबतात, मग कुणीतरी विचारते, "बालगृहातली शाळकरी मुले सरळ का देत नाहीत?"

कारण तिथल्या प्रत्येक मुलाला दत्तक देता येत नाही. पुष्कळांचे आईबाप किंवा नातलग हयात असतात. बालकल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त ठरवल्यावरच मुलाचे नाव पोर्टलवर जाते. बाकीच्यांसाठी प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर: दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणे. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही असे मूल सांभाळता येते, आणि पुढे ते मुक्त ठरले तर दोन वर्षांच्या सांभाळानंतर त्याच घराला दत्तक मागता येते. पूर्वी पाच वर्षे लागत. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी, ओळखीच्या ‘मध्यस्था’कडे मुळीच नाही.

पन्नाशीच्या जोडप्यांना माहीत नसते ते असे: बाळासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते, पण ८ वर्षांवरच्या मुलासाठी ११० पर्यंत चालते, एकट्या पालकाला ५५. दोघांत नि मुलात २५ वर्षांचे अंतर हवे. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते, आणि ती घेणे हा निव्वळ कागदी सोपस्कार समजू नये.

खरी गडबड घरी होते. मूल आले की सत्यनारायण, वाडीला जेवण. त्यात गणपती असले तर मुंबईचे वीस चाकरमानी पडवीत. पहिले दोन-तीन महिने घरात रोजचीच माणसे असू द्यावीत. सुरुवातीला मूल फार शहाण्यासारखे वागते, आणि आपण खूश होतो. मग भाकरी उशीखाली सापडते, खोटे बोलणे सुरू होते, "मला परत पाठवा" ऐकू येते. ही चोरी नव्हे, नाठाळपणाही नव्हे. संस्थेत घंटेला जेवलेल्या मुलाला उद्याच्या जेवणाची खात्री नसते. त्याच्या हाताला लागेल असा लाडू-चिवड्याचा एक डबा ठेवावा, रिकामा झाला की न बोलता भरावा. "परत पाठवीन" हे मात्र थट्टेतही म्हणू नये. दत्तक मोडायला एवढे एक वाक्य पुरते. घाटावरून आलेल्या मुलाला बिनकठड्याची विहीर आणि भरतीची वेळ पहिल्याच आठवड्यात दाखवावी.

शाळा "दाखला आणा" म्हणून अडून बसते. शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखल्याअभावी किंवा वर्षाच्या मध्ये आले म्हणून नाकारता येत नाही. वयानुसार वर्ग मिळतो, मागे असेल तर विशेष प्रशिक्षणाचा हक्कही आहे, तो मागून घ्यावा. नऊ वर्षांच्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नसतील तर ती त्याची चूक नाही; शाळा आणि भाषा दोन्ही बदलत आलेली असतात. वर्गात मालवणी बोलणारी पोरे हसतील, त्याची कल्पना बाईंना आधीच द्यावी. दत्तकाची हकीकत मात्र पटावर नको.

भाऊबंदांचा प्रश्न सातबाऱ्याचा असतो. सप्टेंबर २०२२ पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात, आणि आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी तुमचे, वारसाहक्कासह. घरच्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट मूल येण्याआधी सांगावी, नंतर नव्हे.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षे सहा-सहा महिन्यांनी पाहणी होते. तेव्हा घर सारवून "सगळे छान आहे" म्हणायची आपली रीत. रात्री अंथरूण ओले होते, मूल भावंडाला मारते, हेही सांगावे. समुपदेशक तेव्हाच मागता येतो.

— बालसंरक्षणाच्या कामातील एक कार्यकर्ती, सिंधुदुर्ग