विषय: कापायची रेघ स्वतःच छापून, कापलं म्हणून वॉरंटी नाकारल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

तुमच्याकडून घेतलेले 24 जोड हवा मारणारे सुकतळे. दर जोडी 1,850 रुपये, एकूण 44,400. पैसे तुमची लोकवर्गणीची मोहीम सुरू झाली त्याच आठवड्यात भरले. माल जानेवारीत देणार होतात, तो एप्रिलच्या वीस तारखेनंतर आला. मधल्या काळात तुमच्याकडून चार ईमेल आले, चारही इंग्रजीत, आणि चारही वेळा तुम्ही 'एक्सायटेड' होता. त्याबद्दल भांडण नाही. भांडण मालाबद्दल आहे, आणि परवाच्या फोनबद्दल आहे.

तुमचा माल तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. टाचेखाली फुगा, त्याला दोन एकमार्गी झडपा. टाच उचलली की फुगा बुटाच्या काठावरच्या नळीतून बाहेरची हवा ओढणार, टाच टेकली की ती हवा चरांतून चवड्याखालच्या छिद्रांतून बाहेर पडणार. ना बॅटरी, ना चार्जिंग. कल्पना चांगली आहे, हे आम्ही अजूनही म्हणतो. थंड देशांत लोकवर्गणी काढून बॅटरीवर गरम होणारे सुकतळे निघाले, ते तिकडे शोभतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तिथल्या पायाला वारा पाहिजे, आणि तो फुकटात चालता चालता मिळत असेल तर कोणाला नको आहे? म्हणून तर 24 जणांनी आपापल्या खिशातून पैसे काढले.

आता बिघाड. सगळे सुकतळे आम्ही बादलीत तपासले. तपासायची रीत सोपी आहे, तुमच्या कारखान्यातही करता येईल: सुकतळा पाण्यात बुडवायचा, टाच अंगठ्याने दाबायची. बुडबुडे फक्त चवड्याच्या छिद्रांतून आले पाहिजेत. नळीच्या तोंडातूनही आले तर आतली झडप बसत नाही. मग तो पंप राहत नाही, तीच घामट हवा आत-बाहेर करणारा भाता होतो. 48 नगांपैकी 18 कापलेले आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू, त्यांच्यावर पुढे येतोच. न कापलेल्या 30 पैकी 19 नगांनी नळीतून बुडबुडे काढले. फक्त 11 चांगले. म्हणजे कात्री न लागलेल्या मालातही निम्म्याहून जास्त फेल.

कारण शोधायला एक नग रापीने उभा चिरला. नळीच्या तोंडाला जी जाळी आहे तिच्यातून वाळू अडते, पण आपली काळी माती वाळू नाही. ती ओली झाली की फुगते, पिठासारखी कुठेही शिरते आणि वाळली की खापरीसारखी घट्ट होते. झडपेच्या रबरी जिभळीखाली या मातीची पातळ पापडी बसली होती. जाडी कागदाएवढी, पण जिभळी मिटायची नाही एवढं काम तिने केलं. ही झडप काढून धुता येत नाही, कारण ती दोन थरांमध्ये चिकटवून बंद केली आहे. आणि तुमच्या कागदावर लिहिलं आहे, 'पाण्यात बुडवू नका'. माती बसते, धुवायचं नाही, उघडायचं नाही. मग करायचं काय जी? नवस बोलायचा?

दुसरा बिघाड उन्हाचा. त्याच कागदावर 'उन्हात वाळवा' असंही छापलं आहे. चार जोड्या मे महिन्यात दुपारी टिनावर वाळवल्या. 260 मिलिमीटरचा सुकतळा 252 वर आला. ईव्हीए फोम उष्णतेने आकसतो, हे चप्पल विकणाऱ्या कोणालाही माहीत असतं. उन्हात ठेवलेल्या साध्या स्लिपरसुद्धा आखडतात. वरून तुम्ही थर जोडायला वितळणारा गोंद वापरला आहे. टिनावर तो मऊ पडला आणि कड सुटली. कडेने एक शिलाई मारली असती, नाहीतर पीयू सोल्यूशन, म्हणजे बुटाचा पक्का गोंद, लावून नीट गरम करून दाबलं असतं, तर सुटली नसती. शिलाईने हवा गळेल असं तुमचा इंजिनिअर म्हणेल. चराच्या बाहेर दोन सूत जागा सोडा, गळत नाही.

तिसरा, उंचीचा. टाचेखाली फुगा 9 मिलिमीटर आहे. ज्या बुटाचा मूळ सुकतळा निघतो, त्यात ठीक. इथे जे कॅनव्हासचे आणि गमबूट चालतात, त्यात तो निघत नाही, तळाला चिकटवलेला असतो. त्यावर तुमचे 9 मिलिमीटर ठेवले की टाच काठाबाहेर येते, मागची कड टाचेवरच्या शिरेला घासते आणि दोन दिवसांत फोड. गमबुटात तर याहून मोठी गंमत. नळी 12 सेंटीमीटर, गमबूट नडगीपर्यंत. म्हणजे नळीचं तोंड बुटाच्या आतच राहतं. बूट हवाबंद, आतलीच वाफ आत फिरते. तुम्ही पायाला वारा देत नाही, पाय उकडता.

नळी लांब करून बाहेर काढावी म्हटलं तर फवारणीत ती औषधाचा फवारा ओढून थेट तळपायाला लावेल. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने किती घरं बसली ते विसरायला फार दिवस झाले नाहीत. त्यानंतर गमबूट, हातमोजे, मास्क वापरा म्हणून सगळे सांगतात. गमबुटात झिरपलेलं औषध साबणाच्या पाण्याने लगेच धुवावं लागतं. तुमच्या सुकतळ्यावरचं कापड औषध पितं आणि ते धुवायचं नाही. हे मोहीम काढायच्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नाही का?

चौथा मुद्दा गमतीचा नाही. तुमच्या जाहिरातीत 'मधुमेहींसाठी उत्तम' असं आहे. छिद्रांखालची झडपेची कडक रिंग नेमकी चवड्याच्या हाडाखाली येते. ज्याच्या पायाला जाणीव आहे तो दोन तासांत बूट काढून फेकेल. ज्याचा पाय बधिर आहे त्याला कळणारच नाही, जखम झाल्यावर कळेल. या भागाला बधिर पायाची ओळख तुमच्याकडून करून घ्यायची गरज नाही. वरोऱ्याला आनंदवन आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे, दोन्ही कुष्ठरोग्यांसाठी उभी राहिलेली. बधिर पायासाठी एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा, तळ लावतात, साधारण 15 शोअर कडकपणाचा, मऊ, सपाट, एकसारखा, त्यात खिळासुद्धा मारत नाहीत. तुम्ही त्या पायाखाली प्लॅस्टिकची रिंग घातली आणि वर 'उत्तम' लिहिलं. ती ओळ जाहिरातीतून आजच काढा, पैशाचं नंतर बघू.

आता कापायच्या रेघेवर येतो. तुम्ही दोनच साइज दिल्या, 42 आणि 45, आणि खाली 40, 41, 43, 44 च्या रेघा छापल्या. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, सुमारे 6.7 मिलिमीटर. 42 चा 40 करायला पुढून 13 मिलिमीटर कापावं लागतं. आणि तुमचा चर टोकापासून 10 मिलिमीटरवर संपतो. म्हणजे तुम्हीच छापलेल्या रेघेवर, तुम्हीच सांगितल्याप्रमाणे कात्री चालवली की चर उघडा पडतो आणि सगळी हवा अंगठ्याच्या पुढून निघून जाते. 9 जोड्या कापल्या, 9 ही जोड्या गेल्या, 18 पैकी 18. रुंदीचं तर बोलूच नका. केंद्र सरकारच्या चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले. आपले पाय युरोपियन फर्म्यापेक्षा, म्हणजे बुटाच्या साच्यापेक्षा, रुंद निघाले, म्हणूनच 'भा' नावाचं भारतीय माप सुचवलं गेलं. कापसाच्या वावरात अनवाणी वाढलेला पाय तर आणखी पसरट. तुमचा फर्मा कोणाच्या पायाचा आहे, सांगाल का?

यावर परवाचा फोन. एकूण 23 मिनिटं, त्यातली 11 बासरी ऐकण्यात गेली. नंतर एक ताई बोलल्या. त्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोर जे लिहून ठेवलं असेल ते त्या वाचत होत्या. ते लिहिणाऱ्यासाठी हे शब्दशः देतो:

"सर, प्रोडक्ट कापलं आहे का?"
"हो, 9 जोड्या."
"कापल्यास वॉरंटी लागू होत नाही, सर."
"ताई, कापायची रेघ तुम्हीच छापली आहे."
"ती रेफरन्ससाठी आहे, सर."
"कशाच्या रेफरन्ससाठी?"
इथे थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला.
"कापण्याच्या, सर."

यावर काय बोलावं? आम्ही न कापलेल्या 19 नगांचं विचारलं. तर उत्तर आलं, हे प्रोडक्ट 'अर्बन वॉकिंग'साठी आहे. तुमच्या मोहिमेच्या पानावरचा पहिला फोटो काढून बघा. धोतर नेसलेला शेतकरी, पाठीमागे फुटलेला कापूस. तो काय पुण्यात सिग्नलला उभा आहे? मग ताईंनी विचारलं, चालताना आधी टाच टेकते की चवडा? म्हटलं, ढेकळातून चालताना जे आधी सापडेल ते टेकतं. त्यावर ताई म्हणाल्या, "सर, बऱ्याचदा चालण्याची पद्धत चुकीची असल्यामुळे पंप काम करत नाही. मी तुम्हाला एक व्हिडिओची लिंक पाठवते." आली लिंक. चालावं कसं, चार मिनिटांचा व्हिडिओ. ट्रेडमिलवर. सकाळी सहापासून धुऱ्या-धुऱ्याने चालणाऱ्या माणसांना तुम्ही चालायला शिकवताय, बाप्पा!

आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्यासाठी हे पत्र लिहावं लागलं: "सर, टेक्निकली तुम्ही कस्टमर नाही, बॅकर आहात. तुम्ही आमच्या स्वप्नाला सपोर्ट केलाय."

स्वप्नाला? आम्ही सुकतळ्याला पैसे दिले. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटने 2012 मध्ये 'आम्ही दुकान नाही' असं लिहून टाकलं, हे आम्हालाही माहीत आहे. पण तुमची मोहीम तिथे नव्हती, तुमच्याच साइटवर होती. आणि तुम्ही आम्हाला जीएसटी लावून टॅक्स इन्व्हॉइस पाठवलं, त्यावर मालाचं नाव, नग 24, दर, कर, सगळं आहे. स्वप्नावर जीएसटी कधीपासून लागायला लागला? पैसे घेताना ग्राहक आणि बुडबुडे आले की बॅकर, असं चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये मोबदला देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक, पैसे आगाऊ दिले तरी. आणि ही 'बल्क ऑर्डर' म्हणून व्यापारी खरेदी आहे असंही म्हणू नका. 24 माणसं, 24 जोड, आपापल्या पायासाठी, एकही विकायला नाही.

पुन्हा सांगतो, कारण फोनवर तीनदा सांगूनही लिहून घेतलं गेलं नाही: रेघ तुम्ही छापली.

आमची मागणी: 44,400 रुपये परत, जाहिरातीतली मधुमेहाची ओळ बंद, आणि ज्या कोणाला 40 किंवा 43 ची रेघ असलेला माल गेला आहे त्याला 'कापू नका' असा मेसेज. बदली माल नको. सुधारायचाच असेल तर झडप काढून धुता येईल अशी बसवा, चर टोकापासून 25 मिलिमीटर अलीकडे संपवा, रिंग कमानीखाली सरकवा आणि एक मे महिना व एक जून महिना इथे घालवा. ऑफिसमध्ये एसीत नव्हे. त्या 'शू दॅट ग्रोज'वाल्यांनी सगळं लक्ष एकाच गोष्टीवर दिलं, लहान मुलाची चप्पल पाच मापं वाढली पाहिजे. बटणं, पट्टे, जाड रबर. फुगा नाही, नळी नाही, स्वप्न नाही.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला पाहिजे. पोच आली नाही तर आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, मग यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आम्ही राहतो तिथेच दाखल करता येते, पुण्या-मुंबईला यायची गरज नाही. एकाच हिताच्या ग्राहकांना कलम 35 खाली मिळून जाता येतं, 5 लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. बादली आम्ही सोबत आणू. आयोगापुढे पाच मिनिटं पुरतात.

माल युरियाच्या पोत्यात भरून ठेवला आहे. तुमचा कुरिअरवाला गावात येत नाही, एप्रिलमध्येही आला नव्हता. त्याला राळेगावच्या बसस्टँडवर पाठवा आणि आदल्या दिवशी फोन करा. सध्या निंदण आणि फवारणी सुरू आहे, दुपारी चारच्या आत कोणी मोकळं नसतं.

24 ग्राहकांच्या वतीने,
चप्पल-बूट दुरुस्ती कारागीर,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

ता. क. : पोत्यात 46 नग आहेत. कापलेल्यांपैकी एक जोडी फवारणी पंपाच्या पट्ट्याखाली खांद्याला शिवली आहे, तिथे ती बरी चालते. तिचे 1,850 वजा करा, 42,550 पाठवा.