एरिया लाइटचे ल्यूमेन निम्मे पडतात, तिकीट परत उघडा

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक साहाय्य विभाग

तुमच्या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे त्रिमितीय सीनवर प्रकाशाचं गणित करून चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्ये, एरिया लाइटचा उजेड निम्माच येतो. त्या तक्रारीचं तिकीट आत्ताच फोनवर तुमच्या माणसाने बंद केलं, म्हणून हे लेखी.

१० × १० सेंमीचा एरिया लाइट (सपाट पृष्ठभागावरून उजेड टाकणारा दिवा), १००० ल्यूमेन (एकूण उजेड), तोंड खाली, ‘दोन्ही बाजू’ बंद. बरोबर २ मीटर खाली ५० टक्के परावर्तनाची मॅट फरशी. डीनॉइझर, क्लॅम्प, टोनमॅपिंग असे आकडे बदलणारे टप्पे बंद, रेंडर थेट लिनियर ईएक्सआरमध्ये, म्हणजे उजेडाचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये. १००० ला ३.१४ ने भागलं की ३१८ कँडेला (थेट खालच्या दिशेची तीव्रता), अंतराच्या वर्गाने भागलं की जवळपास ८० लक्स (फरशीवर पडणारा उजेड). त्याच्या ५० टक्क्यांना पुन्हा ३.१४ ने भागलं की दिव्याच्या थेट खाली फरशीवर १२.७ कँडेला प्रति चौरस मीटर (फरशी किती उजळ दिसते तो आकडा) यायला हवेत. तुमच्याकडे ६.३ येतात. एकाच बाजूने उजेड टाकणारा दिवा तुम्ही दोन बाजूंचा धरून भागताय. ‘दोन्ही बाजू’ चालू केल्यावर फरशीवरचा आकडा निम्मा व्हायला हवा, तो हलतही नाही. आणखी काय पुरावा हवा?

यावर उत्तर मिळालं, “एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा,” म्हणजे अख्खं चित्र दुप्पट उजळ करा. त्याच खोलीत आयईएस फाइलचे (दिव्याच्या मोजलेल्या उजेडाच्या फाइलचे) छतातले डाउनलाइट आहेत आणि ते बरोबर येतात, एक्स्पोजर वाढवलं तर ते दुप्पट होतील, असं आम्ही सांगितलं. “मग त्यांची इंटेन्सिटी अर्धी करा.” म्हणजे दिवा बनवणाऱ्याने प्रयोगशाळेत मोजून दिलेला आकडा आम्ही खोटा करायचा! जोडलेला सीन बघा म्हटलं, तर तो उघडलेलाच नव्हता. शेवटी, “सर, रिअलिस्टिक दिसणं ज्याच्या त्याच्या नजरेवर असतं.” आणि तिकीट बंद.

नजरेवरच सोडायचं होतं तर ल्यूमेनचा रकाना दिलात कशाला? लोक त्यावर लक्स तपासतात. फरशी निम्मी उजळ दिसली की दिवे दुप्पट लावले जातात, आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात.

फर्नेस टेस्टही, म्हणजे गणितात उजेड हरवतो का ते बघणारी चाचणीही, अजून नापास आहे. सगळीकडून १ मूल्याचा एकसारखा उजेड, मध्ये पूर्ण पांढऱ्या धातूचा गोळा, रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) १, म्हणजे सर्वात जास्त. गोळा पार्श्वभूमीत विरून जायला हवा, तुमच्याकडे करडा उठून दिसतो. सूक्ष्म खाचांमध्ये दुसऱ्यांदा आपटणारा प्रकाश तुम्ही टाकून देता. त्याच्या भरपाईची पद्धत २०१७ च्या सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मांडली गेली, अजून किती थांबायचं?

‘फिजिकली बेस्ड’ (प्रकाशाच्या भौतिक नियमांवर आधारित) हे तुमच्या जाहिरातीतलं पहिलं वाक्य आहे. ल्यूमेनचा भागाकार चुकतो तोवर ते काढून टाका. एवढं नाव असलेल्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती.

एरिया लाइटचं गणित दुरुस्त करा, जुन्या सीनसाठी जुन्या गणिताचा पर्याय ठेवा, आणि रेंडरिंगचा कोड लिहिणाऱ्याकडून लेखी उत्तर द्या. नाहीतर लायसन्सचं नूतनीकरण होणार नाही, आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागितले जातील.