फुलोऱ्याचे दिवस : मधमाश्यांच्या पेट्या आणि फवारणीबाबत सूचना

सर्व बागायतदार सभासदांना नमस्कार,

नोंदणी केलेल्यांसाठी मधमाश्यांच्या पेट्या येत्या शनिवारी रात्री ८ वाजता गटाच्या गोदामापाशी येतील. पेट्या रात्रीच न्या. दिवसा हलवल्या तर चरायला गेलेल्या माश्या मागे राहतात.

- साधारण ५ ते १० टक्के फुले उमलल्यावरच पेटी बागेत ठेवा. आधी ठेवली तर माश्या आजूबाजूच्या तणाच्या फुलांवर रुळतात.
- जवळ उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा. खडे विसरू नका, नाहीतर माश्या बुडतात.
- फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, इमिडाक्लोप्रिड तर मुळीच नको. गरजच पडली तर आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगा आणि अंधार पडल्यावर फवारा.

कलिंगडवाल्यांनी विशेष जपावे. मादी फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. तेवढ्यात पराग कमी पडले तर फळ वेडेवाकडे होते, मग खत वाढवून उपयोग नाही.

आंब्याच्या मोहोरावर तर इतर माश्यांचीच वर्दळ जास्त असते. कृपा करून माशी दिसली की औषध मारू नका.

फवारणी ठरलेली असल्यास सचिवांना शुक्रवारपर्यंत कळवा.