चमकली म्हणजे जुनी, असं नसतं हो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या बाजारात हल्ली एक नवीनच प्रकार सुरू झालाय, त्याबद्दल लिहितोय, जमलं तर छापा. बुधवारी-रविवारी तिथे पितळी भांडी, बंद पडलेली घड्याळं, रेडिओ असल्या ढिगाऱ्यात काचेच्या गोट्या पण मिळतात हे पुणेकरांना सांगायला नको. पण आता विकणाऱ्याकडेच जांभळ्या (अतिनील) उजेडाचा टॉर्च असतो, नोटा तपासायला वापरतात ना तसला, तो ताडपत्रीच्या सावलीत गोटीवर मारायचा, गोटी हिरवीगार पेटली की "इंग्रजांच्या काळातली आहे साहेब" म्हणायचं आणि किंमत अशी काही चढवायची की विचारू नका. नुकतीच या नादाला लागलेली कॉलेजची पोरं मुकाट्याने पैसे काढतात.

मी पण याच गोट्या जमवतो म्हणून सांगतो, टॉर्च मारून गोटीचं वय कळत नाही. काचेत काय घातलंय तेवढं कळतं, आणि ते पण बघणाऱ्याला समजत असेल तरच.

ती झगझगीत पोपटी चमक असते ती युरेनियमची. काचेला पिवळा-हिरवा रंग यावा म्हणून त्याचे क्षार घालायचे, आत्ताच्या चेक देशातल्या बोहेमियात योसेफ रीडेल नावाच्या काचवाल्याने १८३० च्या दशकात असली काच जोरात खपवली. अतिनील किरण युरेनियम शोषून घेतं आणि हिरवा उजेड बाहेर टाकतं, बास, एवढंच. पण असल्या गोट्या अमेरिकेत अजूनही नव्याने बनतात बरं का, आणि त्या पण तितक्याच चमकतात. मग पुरावा कसला झाला तो?

शिवाय हिरवं दिसलं म्हणजे युरेनियमच असंही नाही. वाळूतल्या लोखंडाने काच हिरवट होते, ती स्वच्छ दिसावी म्हणून पूर्वी मँगनीज घालायचे, ते पण चमकतं, पण मंद, मरगळलेलं. टॉर्चवर उजेडाच्या तरंगलांबीचा आकडा असतो, ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली ते दिसतं आणि ३९५ वाल्याखाली जवळपास गायब होतं, युरेनियम मात्र दोन्हीखाली पेटतं. पिवळी-नारिंगी चमक आली तर बहुतेक कॅडमियम, ते पण रंगासाठीच घालतात. स्वस्तातले टॉर्च असतात ते ३९५ चे, त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड एवढा असतो की साधी पांढरी गोटी पण निळसर जांभळी दिसते, आणि लोक ते पण "चमकतंय" म्हणून घेतात! कमाल आहे.

वय बघायचं असेल तर टॉर्च ठेवा खिशात आणि गोटी बोटांत फिरवा. जर्मनीत लाउशा गावात १८४० च्या दशकापासून गोट्या हाताने व्हायच्या, काचेची रंगीत कांडी ओढायची आणि खास कात्रीने गोटी कापून घ्यायची, तिथे एक खडबडीत खूण राहते, कधी एका टोकाला कधी दोन्ही. पुढे १९०५ ला अमेरिकेत ॲक्रन शहरातल्या मार्टिन क्रिस्टेन्सनने मशीनचं पेटंट घेतलं, पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला आणि अमेरिकेतल्या कारखान्यांची चांदी झाली. ॲक्रो ॲगेट ही त्यातली मोठी कंपनी, १९१४ मध्ये ॲक्रनहून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली, १९५१ ला बंद पडली. मशीनच्या गोटीला ती खडबडीत खूण नसते. आणि आपण लहानपणी खेळलो ती आत पाकळ्या असलेली मांजरडोळा गोटी, ती दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने जगभर पसरवली. कोणी ती हातात देऊन इंग्रजांच्या गोष्टी सांगायला लागला की गोटी खाली ठेवा आणि पुढच्या पथारीवर जा.

अजून एक, यात माझं डोकं फिरतं. टॉर्च मारून बघायला म्हणून गोटी सोड्याची जुनी बाटली फोडतात. अहो, ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची करामत आहे, १८७० च्या दशकातली, आतल्या गॅसच्या दाबानेच गोटी वर रबराच्या कड्याला घट्ट बसते, बूच लागत नाही. अख्खी जुनी बाटली ही जमवण्यासारखी वस्तू आहे, फोडल्यावर हातात उरते ती एक साधी गोटी आणि काचा.

घरचे विचारतात की युरेनियम म्हणजे धोका नाही का. जुन्या काचेत ते साधारण २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, कपाटात ठेवायला, हातात घ्यायला काही हरकत नाही. फक्त पेंडंट करायला म्हणून भोक पाडू नका, घासू नका, ती पूड नाकातोंडात जायला नको, आणि लहान पोरांच्या हातात कुठलीच गोटी नको, घशात अडकते. टॉर्च डोळ्यात मारू नका हे वेगळं सांगायला लागू नये, पण बाजारात बघतो मी काय चालतं ते.

आता खरी विनंती. अमेरिकेतले लोक बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात खणून गोट्यांचे तुकडे गोळा करतात आणि कुठली गोटी कुठे झाली ते जुळवतात. आपल्याकडे तळेगावला १९०८ मध्ये लोकांच्या एकेक पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, टिळकांचा पाठिंबा होता त्याला, मग १९१६ ला कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखाना, तोच तो प्रभाकर कंदीलवाला. तिथे ज्यांचे आजोबा-पणजोबा कामाला होते अशी घरं पुण्यात, कऱ्हाडला असणारच. भट्टीच्या, काचेत काय मिसळायचे त्याच्या आठवणी, वह्या, फोटो, काही असेल तर त्यांनी तुमच्याकडे पाठवावं आणि तुम्ही पुरवणीत थोडी जागा द्यावी. माळ्यावरचा डबा रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा उघडून बघा, एवढं तरी करा.

आपला,
एक गोटीवेडा वाचक, शनिवार पेठ, पुणे