गीतकाराचे नावही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकन गायक जॉनी कॅश याच्यावरचा लेख आवडीने वाचला. कंट्री संगीतावर मराठीत कुणी इतके मनापासून लिहिले याचा आनंद झाला. पण उतारवयात स्वतःची गाणी सुचेनाशी झाली म्हणून तो दुसऱ्यांची गाणी गाऊ लागला, हे त्यातले म्हणणे पटले नाही. २००२ साली त्याने गायलेल्या 'हर्ट' या दुसऱ्याच्या गाण्यामुळे तसा समज होतो खरा. प्रत्यक्षात ऐन उमेदीतही कॅश भरल्या सभेत दुसऱ्यांची गाणी गात होता, आणि माझ्या लेखी त्याचे मोठेपण तिथेच आहे.

१३ जानेवारी १९६८. कॅलिफोर्नियातला फॉल्सम तुरुंग, कैद्यांचे भोजनगृह. आदल्या रात्री एका पाद्र्याने कॅशला एक टेप ऐकवली होती. त्याच तुरुंगात दरोड्याची शिक्षा भोगणाऱ्या ग्लेन शर्ली याने तिथल्या प्रार्थनामंदिरावर रचलेले 'ग्रेस्टोन चॅपेल' हे गाणे तिच्यात होते. कॅशने रात्रीतच ते बसवले. सकाळी शर्ली पुढच्या रांगेत बसला होता आणि त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. ध्वनिमुद्रिकेत स्पष्ट ऐकू येते: हे गाणे इथल्याच माणसाचे आहे, असे कॅश आधी सांगतो, शर्लीचे नाव घेतो, आणि तुझ्या गाण्याला न्याय देता यावा, असे त्यालाच म्हणतो. मग सूर लावतो. मला गाण्याइतकेच त्याआधीचे ते बोलणे मोलाचे वाटते. ज्याचे गाणे तोच समोर बसलेला असताना गायचे, तर लपायला जागा कुठली?

पुन्हा तसेच घडले १९७० मध्ये, नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात. कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात क्रिस क्रिस्टोफरसनचे 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' व्हायचे होते. रविवारी सकाळी एकट्या, उदास माणसाला नशेत असतो तर बरे होते, असे वाटते. त्या ओळीतला 'नशेत' हा शब्द काढून तिथे 'घरी' म्हणा, असा वाहिनीवाल्यांचा आग्रह होता. क्रिस्टोफरसन वर सज्जात बसला होता. काही वर्षांपूर्वी तो याच शहरातल्या स्टुडिओत झाडलोट करत असे. कॅशने वर त्याच्याकडे पाहिले आणि ओळ लिहिली होती तशीच गायली. शब्द बदलला असता तर त्या माणसाचे एकटेपणच खोटे पडले असते.

'अ बॉय नेम्ड स्यू' तर शेल सिल्व्हरस्टीनचे. १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात कॅशने ते कागद समोर धरून गायले, कारण पाठच झालेले नव्हते. तेच ध्वनिमुद्रण पुढे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

आपण मराठी माणसे आकाशवाणीवर गीत, संगीत आणि स्वर ही तिन्ही नावे ऐकत वाढलो. म्हणून लेखासोबतच्या 'कॅशची गाजलेली गाणी' या चौकटीत एकाही गीतकाराचे नाव नाही, हे फार खटकले. येत्या रविवारी शर्ली, क्रिस्टोफरसन, सिल्व्हरस्टीन आणि 'हर्ट' लिहिणारा ट्रेंट रेझनर, एवढी चार नावे तरी आवर्जून छापावीत, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सांगली