डीन सर, पास देणाऱ्याची आठवण ठेवलीत!

ति. डीन (स्मिथ) सर,
सा. न. वि. वि.

७ फेब्रुवारी २०१५ ला तुम्ही गेलात. तेव्हापासून फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, जिथल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे तुम्ही कोच होतात त्या चॅपल हिलमध्ये, तुमच्या आठवणी निघतात, आणि त्या बहुतेक आकड्यांच्या असतात. ३६ मोसम, ८७९ विजय, १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदं, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचं सुवर्ण. आकडे मोठे आहेत, वादच नाही. पण हे पत्र लिहिणारे आम्ही केरी, मॉरिसविल, चॅपल हिल या पट्ट्यात राहणारी, शनिवार-रविवारी लहान मुलांच्या संघांना बास्केटबॉल शिकवणारी मराठी माणसं. आम्हाला तुमचे आभार मानायचेत ते एका बोटासाठी.

बास्केट झाली की ज्याने केली त्याने पास देणाऱ्याकडे बोट करायचं. तुमच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या संघाचा हा नियम. आज कुठल्याही कोर्टवर मुलं हे करताना दिसतात आणि ते कुठून आलं हे त्यांच्या गावीही नसतं.

दिसायला सोपं आहे, शिकवायला नाही. बॉल जाळीतून खाली आला की पोरगं जागीच उभं राहतं, हात वर करतं, गॅलरीत आई-बाबांना शोधतं. तेवढ्यात समोरचे बेसलाइनमागून बॉल आत टाकून सुसाट निघालेले असतात, कारण बास्केट झाली म्हणून मुलांच्या सामन्यात घड्याळ थांबत नाही आणि रेफरीच्या शिटीची वाटही पाहावी लागत नाही. कमावलेले दोन गुण तिथेच परत जातात. म्हणून क्रम घोटून घ्यावा लागतो. पाय जमिनीला टेकले की आधी वळायचं, पळायला लागायचं, आणि पहिल्या तीन पावलांत हात लांब करून पास देणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. थांबायचं नाही. पास देणारा बहुधा आपल्या मागेच, परतीच्या वाटेवर असतो. त्याला शोधायला मान वर केली की बचावाला कोण कुठे पोचलंय हेही आपोआप दिसतं. सौजन्यातून डिफेन्स सुधारतो तो असा. ज्याच्या स्क्रीनमुळे, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहण्यामुळे, शूटर मोकळा झाला, त्यालाही बोट.

सरावात यासाठी एकच खेळ पुरतो. तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टवर. बोट केलं नाही तर बास्केट शून्य धरायची. पहिल्या दिवशी रडारड होते, मग अंगवळणी पडतं.

आणि यातली खरी गोम तुमच्या संघातल्या बॉबी जोन्सने दाखवली. त्याचा सहकारी जॉर्ज कार्लने त्याला सुरेख पास दिला, बॉबीचा हातातला ले-अप (बास्केटजवळून मारायचा सोपा शॉट) हुकला, आणि तरीही त्याने पळता पळता कार्लकडे बोट केलं. तुम्ही ते पाहिलंत आणि नियमच बदललात : बॉल आत जावो न जावो, पास चांगला असेल तर बोट. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो. बास्केट झाल्यावर आभार मानणं म्हणजे आनंदात कुणालाही मिठी मारण्यासारखं आहे, त्यात विशेष काय! स्वतःची चूक नुकतीच शंभर लोकांनी पाहिली असताना दुसऱ्याचं चांगलं काम आठवणं, हे दहा वर्षांच्या मुलाला जमतं तेव्हा कोच म्हणून कॉलर ताठ होते.

१९८२ ची फायनल घ्या. जॉर्जटाउनविरुद्ध ६३-६२. फर्स्ट इयरच्या मायकेल जॉर्डनने डाव्या बाजूने मारलेला तो शॉट साऱ्या जगाने पाहिलाय. त्याला पास कोणी दिला विचारलं तर भलेभले गप्प होतात. जिमी ब्लॅकने. उजवीकडून, बचाव आत गोळा झालेला बघून, कोर्टच्या पलीकडे. तो पास अर्धा सेकंद उशिरा गेला असता तर जॉर्डनच्या तोंडावर हात आलाच असता.

आता जरा मनातली मळमळ. तुमची पद्धत हाती येण्याआधी आमच्या मुलांना ज्यांनी शिकवलं, त्यांनी तासाचे डॉलर चोख मोजून घेतले आणि नऊ वर्षांच्या पोरांना स्टेप-बॅक (मागे सरकून मारायचा अवघड शॉट) शिकवला. दोन हातांनी पास झेलायला मात्र कोणी शिकवलं नाही. चुकलं की सगळ्यांसमोर ओरडायचं, बेंचवर बसवायचं, का बसवलं ते सांगायचं नाही. आम्ही पालकही काही कमी नाही. गॅलरीतून ‘अरे मार ना, मार ना!’ हा घोष मराठीतच होतो, म्हणजे रेफरीला कळत नाही. स्कोअरबुकात रकाने असतात गुणांचे आणि फाउलचे. पास देणाऱ्याला त्यात जागाच नाही.

तुमच्याकडे सामन्याची फिल्म लावून प्रत्येकाचं काम तपासलं जायचं आणि स्क्रीन, असिस्ट (ज्यावर बास्केट झाली तो पास), अंगावर घेतलेला चार्ज (जागेवर उभं राहून झेललेली धडक) यांचीही नोंद व्हायची. त्याची गावठी आवृत्ती अशी : बेंचच्या टोकाला एक पालक, हातात पेन्सिल, कागदावर तीन रकाने. पास, स्क्रीन, जमिनीवर झोकून देऊन मिळवलेला बॉल. इथे एक खाच असते. पालक फक्त बास्केट झालेले पास मोजतात. मग ज्याचा जोडीदार कच्चा नेमबाज, त्याच्या खात्यात भोपळा, आणि दोन आठवड्यांत तो पास देणंच बंद करतो. चांगला शॉट मिळवून देणारा प्रत्येक पास मोजायचा. बॉबी जोन्सचा नियम कागदावरही.

दमल्याची मूठही तुमचीच. खेळाडूने मूठ वर केली की बदली खेळाडू स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन थांबतो आणि पुढची शिटी झाली की आत येतो. जो स्वतःहून बाहेर आला, तो ताजातवाना झाला की स्वतःच परत जाणार. जो दम लपवून डिफेन्समध्ये रेंगाळला आणि कोचच्या नजरेत आला, त्याचं परत जाणं कोच ठरवणार. एवढ्या एका अटीमुळे मुलं खरं बोलतात. एरवी जागा जाईल या धास्तीने कोणी दमलोय म्हणत नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळा संघ पाय ओढत फिरतो. मात्र संघात निदान आठ जण हवेत. सहाच असतील तर मुठी वर होतात आणि आत जायला कोणी नसतं.

‘फोर कॉर्नर्स’ या तुमच्या चालीबद्दल तुम्हाला बोलणी खावी लागली. अर्ध्या कोर्टच्या चार कोपऱ्यांत चौघे, मध्ये सगळ्यांत चांगला ड्रिबल करणारा. तुमच्याकडे फिल फोर्ड. कोपऱ्यातला बचावपटू मदतीला मध्ये सरकला की त्या कोपऱ्यातला आपला खेळाडू त्याच्या पाठीमागून कापत बास्केटकडे निघतो. आघाडी असताना समोरच्याला बॉलच मिळत नाही, फाउल केलं तर फ्री थ्रो. १९७९ मध्ये शेजारच्या ड्यूक विद्यापीठाविरुद्ध हे अंगाशी आलं : मध्यंतराला ०-७, शेवटी ४०-४७, म्हणजे दुसऱ्या अर्धात दोघांचे ४०-४०. आणि १९८२ च्या एसीसी (तुमच्या भागातल्या कॉलेजांची लीग) फायनलमध्ये व्हर्जिनियाला ४७-४५ ने हरवलंत तेव्हा प्रेक्षक इतके वैतागले की शॉट क्लॉकची, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायला लावणाऱ्या घड्याळाची, मागणी जोर धरू लागली. १९८५-८६ पासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलला ४५ सेकंदांचं घड्याळ लागलं. बरंच झालं म्हणा, तो ०-७ चा अर्ध कोणाला परत बघायचाय! पण मुलांच्या लीगमध्ये बहुतेक ठिकाणी हे घड्याळ नसतं, म्हणून ही चाल अजून कामाची आहे. ती फसते दोन कारणांनी. कोपऱ्यातली मुलं बॉलच्या ओढीने आत सरकतात आणि सोबत आपला बचावपटूही आणतात. आणि मधल्या रेषेला चिकटून उभी राहिली की ती रेषा आणि साइडलाइन यांच्या बेचक्यात सापडतात. रेषेपासून दोन पावलं पुढे, एक पाय साइडलाइनजवळ. तुमच्यानंतर, २१ फेब्रुवारी २०१५ ला जॉर्जिया टेकविरुद्ध तुमच्या संघाचे तेव्हाचे कोच रॉय विल्यम्सनी बेंचवरून चार बोटं दाखवली आणि पहिलाच बॉल ‘फोर कॉर्नर्स’ने खेळवला. मार्कस पेजचा पास, ब्राइस जॉन्सनचा ले-अप. त्याच्या तीन दिवस आधी ड्यूकच्या कोर्टवर तुमचा आणि ड्यूकचा असे हाडवैऱ्यांचे दोन्ही संघ तुमच्या आठवणीत हातात हात गुंफून मधल्या वर्तुळाभोवती गुडघ्यांवर बसले होते.

तुमचं हे वागणं कोर्टपुरतं नव्हतं. साधे सहायक कोच होतात, नोकरी कच्ची, तेव्हा तुमच्या चर्चच्या पाद्र्यांबरोबर एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेऊन तुम्ही चॅपल हिलच्या पाइन्स हॉटेलात जेवायला गेलात. तिथे तोवर फक्त गोऱ्यांना वाढत. तुम्हा तिघांना वाढलं. पुढे १९६६ मध्ये चार्ली स्कॉटला आणलंत, तो विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय स्कॉलरशिप खेळाडू. वर्षांनंतर एका पत्रकाराने पाइन्सची गोष्ट काढली तर तुम्हीच नाराज झालात, योग्य ते केल्याचा अभिमान कसला म्हणून. वडील आल्फ्रेड स्मिथही तसेच. १९३४ मध्ये कॅन्ससमधल्या एम्पोरियाच्या शाळेच्या संघात त्यांनी कृष्णवर्णीय मुलाला खेळवलं आणि राज्य विजेतेपद जिंकलं. अशी माणसं घरातून घडतात, पण घराबाहेर निभावणं ज्याचं त्यालाच करावं लागतं. जानेवारी १९६५ मध्ये वेक फॉरेस्टशी हरून परतलात तेव्हा आपल्याच विद्यार्थ्यांनी तुमचा पुतळा फासावर लटकवला होता. बसमधून उतरून तो ओढून काढला तुमच्या संघातल्या बिली कनिंगहॅमने. २१ वर्षांनी त्याच विद्यापीठाने नवं स्टेडियम बांधून त्यावर तुमचं नाव कोरलं. फास बांधणाऱ्यांपैकी किती जण तिकीट काढून आत बसले असतील, देव जाणे.

शेवटच्या वर्षांत आजाराने तुमची स्मरणशक्ती नेली. जो माणूस जुन्या खेळाडूंच्या बायका-मुलांची नावंही विसरत नसे, त्याच्या वाट्याला हे यावं याचा राग आजही जात नाही. तरी मृत्युपत्रात सगळी व्यवस्था आधीच करून ठेवली होतीत. मार्च २०१५ मध्ये सुमारे १८० माजी खेळाडूंच्या घरी पाकिटं पोचली. आत २०० डॉलरचा चेक आणि कोचतर्फे बाहेर जेवून या असा निरोप. जॉर्डनलाही तेवढाच आणि उभी कारकीर्द बेंचवर काढलेल्यालाही तेवढाच. कित्येकांनी तो वटवलाच नाही.

आमच्या लीगच्या स्कोअरशीटवर या मोसमापासून पासचा रकाना छापून आलाय. पेन्सिलवाल्या पालकांना एक सांगून ठेवलंय, स्वतःच्या मुलाच्या सामन्यात ड्युटी घ्यायची नाही.

आपले,
शनिवारचे कोच